गुराब थोर नको, फार लहानही नको



आज बोलायचे आहे ते होडीच्या मापाबद्दल. होडी किती लांब असावी, किती रुंद असावी, तिने पाणी किती घ्यावे, हा प्रश्न सुताराचा, फार तर कोळ्याचा. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने त्यात तोंड का घालावे, असे कोणी विचारील. पण आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर याच प्रश्नाच्या उत्तरामुळे एकदा एक बेट हाती राहिले आणि एकदा एक अख्खे आरमार जळून गेले. शाळेच्या पुस्तकांत लढायांच्या सनावळ्या असतात, सरदारांची नावे असतात. पण ज्या फळ्यांवर उभे राहून ती माणसे लढली, त्या फळ्यांचे माप क्वचितच सापडते. ती उणीव आज थोडी भरून काढू.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी अलिबागजवळच्या थळ गावी गेलो होतो. समोर खांदेरी-उंदेरीची बेटे दिसत होती. किनाऱ्यावर एक वृद्ध नाखवा आपल्या होडीच्या फटींत कापूस ठोकीत बसला होता. मी सहज विचारले, "नाखवा, एवढ्याशा होडीतून तुम्ही खांदेरीपर्यंत जाता. याहून मोठी का नाही बांधलीत?"

म्हातारा हसला. म्हणाला, "मास्तर, होरी पान्याला इचारून बांधाची. लोकांना इचारून नाय."

मुले हसली. मी मात्र गप्प राहिलो. कारण हीच गोष्ट तीनशे वर्षांपूर्वी एका मुत्सद्द्याने राजनीतीच्या ग्रंथात लिहून ठेवली आहे, आणि ती मी वर्गात अनेकदा शिकवली होती. पण तिचा अर्थ त्या दिवशी वाळूत उभा असताना नीट कळला. त्या ग्रंथाकडे पुढे येऊच. आधी थोडे मागे जाऊ.

होड्यांचे वर्गीकरण करण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेला 'युक्तिकल्पतरु' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. त्यात नौकांचे दोन मोठे वर्ग केले आहेत. एक 'सामान्य', म्हणजे नदी, तलाव अशा आतल्या पाण्यातल्या. आणि दुसरा 'विशेष', म्हणजे समुद्रावर जाणाऱ्या. सामान्यांत सर्वांत लहान ती 'क्षुद्रा'. तिची लांबी १६ हात, रुंदी ४ हात आणि उंची ४ हात. सर्वांत मोठी 'मन्थरा', ती १२० हात लांब, ६० हात रुंद आणि ६० हात उंच. विशेष वर्गातल्या 'दीर्घा' जातीच्या नौका मात्र शिडशिडीत. त्यांची रुंदी लांबीच्या आठव्या हिश्श्याइतकी आणि उंची दहाव्या हिश्श्याइतकी सांगितली आहे.

आता हे आकडे जसेच्या तसे धरून कोणी सुतार कामाला बसला असेल असे मला वाटत नाही. १२० हात लांब आणि ६० हात उंच अशी होडी नदीत कशी चालावी? यातले पुष्कळसे हिशोब पंडिताने कागदावर केलेले दिसतात. पण ग्रंथातली मूळ दृष्टी पक्की आहे. त्याने आधी पाणी विचारात घेतले, मग होडी. तळ्याची होडी वेगळी, दर्याची वेगळी, हे त्याला ठाऊक होते.

आता आपल्या किनाऱ्याचे पाणी कसे आहे ते पाहा. कोकणचा किनारा खाड्यांनी कातरलेला आहे. पुष्कळशा खाड्यांच्या मुखाशी वाळूचा बांध साचलेला असतो. भरतीला त्यावर पाणी असते, ओहोटीला खडखडाट. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत पाणी बारा-पंधरा फुटांनी चढते आणि उतरते. खडक पुष्कळ. पावसाळ्यात दर्या खवळलेला, म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत तारवे वर ओढून ठेवायची. उघडिपीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो, आणि या दोहोंच्या मध्ये वारा पडतो. अशा वेळी ज्या जहाजाला केवळ शिडाचा आधार, ते जागच्या जागी खिळून बसते. ज्याला वल्ही आहेत ते चालते.

मग सर्वच जहाजांना वल्ही का लावीत नाहीत? येथे थोडे गणित आहे. शिक्षकबंधूंनी ते फळ्यावर मांडून दाखवावे. एक होडी घ्या आणि तिची लांबी, रुंदी, उंची, तिन्ही मापे दुप्पट करा. तिचे आकारमान किती पट झाले? आठपट. म्हणजे ती भरली की वजनही सुमारे आठपट. पण वल्ही मारणारी माणसे बसतात दोन्ही कडांना ओळीने. लांबी दुप्पट झाली तर वल्ही दुप्पटच बसणार. आठपट ओझे आणि दुप्पट वल्ही! एकेका वल्ह्याच्या वाट्याला चौपट भार आला. म्हणून होडी मोठी करीत गेले की एका मर्यादेनंतर वल्ह्यांचा उपयोग संपतो आणि ती पुरती वाऱ्याच्या स्वाधीन होते. उलट फार लहान ठेवली तर तोफ पेलत नाही, माणसे मावत नाहीत, आणि लाट कडेवरून आत येते.

या दोन टोकांच्या मध्ये मराठ्यांच्या आरमाराने आपली जागा शोधली. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि त्यानंतर त्या खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ झाला. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणपुढच्या बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. पुढे १६६५ च्या फेब्रुवारीत महाराजांनी कर्नाटकाच्या किनाऱ्यावर बसरूरची स्वारी केली, तेव्हा इंग्रजांच्या पत्रव्यवहारात त्यांच्या ताफ्याची नोंद आली ती ८५ लहान लढाऊ गलबते आणि तीन मोठी जहाजे अशी. मोठी फक्त तीन, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

या आरमाराचे दोन मुख्य प्रकार, गुराब आणि गलबत. आज गलबत म्हटले की कोणतेही मोठे जहाज डोळ्यांसमोर येते. त्या काळी मात्र गलबत हे गुराबेपेक्षा लहान असे. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या दोन्हींचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानाने रुंद, आणि मुख्य म्हणजे पाणी अगदी थोडे घेणारी. गलबत बांधणीने तसेच, पण लहान. मोठ्यात मोठे ७० टनांच्या आसपास. काही गलबतांचे तक्तपोस वजन वाचावे म्हणून चिरलेल्या बांबूंचे असे. मोठ्या गलबतांवर सहा-आठ लहान तोफा. आणि चाळीस-पन्नास वल्ही! वारा नसला तरी ताशी चार मैल चाल. समुद्रावर वारा पडला की हीच गलबते गुराबेला दोराने ओढून जागेवर नेत.

याची परीक्षा झाली १६७९ साली, खांदेरीवर. मुंबईच्या तोंडाशी असलेले हे बेट महाराजांनी बांधायला घेतले. मुंबईकर इंग्रज हादरले. त्यांनी बेटाला वेढा घालण्यासाठी जहाजे पाठवली. त्यात 'रिव्हेंज' नावाचे मोठे लढाऊ जहाज, दोन गुराबा आणि काही लहान शिबाडे, मचवे होते. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांची पन्नास-साठ गलबते किनाऱ्याकडून एवढ्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायला धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डोव्हर' ही त्यांची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. लहान होड्या मुंबईकडे पळाल्या.

पण पुढचा भागही सांगितला पाहिजे, नाहीतर तो इतिहास होणार नाही. एकटे पडलेले 'रिव्हेंज' शरण आले नाही. त्याच्या भारी तोफांपुढे मराठ्यांची काही गलबते बुडाली आणि उरलेली मागे फिरली. उघड्या समुद्रात समोरासमोर तोफांची मारामारी झाली तेव्हा मोठे जहाज वरचढ ठरले. 'रिव्हेंज'ने पाठलाग केला, पण कोठवर? नागोठण्याच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या बांधापर्यंत. गलबते बांधावरून आत गेली. 'रिव्हेंज' बाहेर उभे राहिले. त्याला तेथे पाणीच नव्हते.

यानंतर इंग्रजांना जी अडचण आली ती लढाईची नव्हती. रात्री अंधारात लहान होड्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून वल्ह्यांनी खांदेरीला जात, दाणागोटा आणि दारूगोळा उतरवीत आणि परत येत. इंग्रजांच्या जड जहाजांना ते थांबवता येईना. १६८० च्या आरंभी त्यांनी वेढा उठवला. बेट मराठ्यांकडे राहिले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदले, त्यात हे खांदेरी आहे. तो किल्ला बांधणाऱ्यांची नावे आपण घेतो, आणि घेतलीच पाहिजेत. पण रात्रीच्या त्या होड्या कोणी वल्हवल्या, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. ते थळ, नागाव, चौल या बाजूचे कोळी-भंडारीच असणार. पाण्याखालचा खडक न् खडक ज्यांना ठाऊक होता, असे दुसरे तेथे होते कोण?

आता त्या मुत्सद्द्याकडे येऊ. रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५-१६ च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. अमात्य सांगतात की गुराबा फार मोठ्याही नकोत, फार लहानही नकोत, मध्यम बांधाव्यात, गलबतेही तशीच. वाऱ्यावाचून जे हलत नाही असे अवजड जहाज बांधण्याचे कारण नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, म्हणजे मोठ्याला लहानाची आणि लहानाला मोठ्याची साथ. आरमाराच्या लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा सुप्रसिद्ध उपदेश याच प्रकरणातला. पावसाळ्यात आरमाराची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, नाहीतर त्या बंदराच्या लोकांना उपद्रव होतो, असेही ते बजावतात.

पाहा, किती बाजूंनी विचार केला आहे. पाणी, वारा, लाकूड, रयत. जहाजाचे माप ठरवताना अमात्यांनी फक्त शत्रूकडे पाहिले नाही. मोठे जहाज म्हणजे मोठी झाडे, अधिक माणसे, खोल बंदर आणि अधिक खर्च. एका बुडाल्या मोठ्या जहाजाच्या किमतीत किती गलबते उभी राहतील, हाही हिशोब त्यामागे असला पाहिजे.

कान्होजी आंग्रे यांनी हीच नीती पुढे चालवली. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते अशा ताफ्याने आंग्र्यांचे आरमार बलाढ्य जहाजांवर तुटून पडे. इंग्रजांनाही एव्हाना कळून चुकले होते की किनाऱ्यालगत आपल्या जहाजांना पाणी पुरत नाही. म्हणून १७२० साली विजयदुर्गावर चालून जाताना त्यांनी मुद्दाम पाणी थोडे घेणारा आणि भारी तोफा पेलणारा एक तरंगता तोफखाना बांधवून आणला. त्याचे नाव 'फ्राम'. परंतु तो इतका अवजड आणि बेंगरूळ निघाला की त्याचा काही उपयोग झाला नाही. ती मोहीम फसली. उथळ पाण्याची होडी आणि किल्ला फोडणारे जहाज या दोन गरजा एकाच सांगाड्यात कोंबायला गेले की असे होते.

येथपर्यंतची हकीकत ऐकून आपली छाती फुगेल. पण याच विजयदुर्गावर १७५६ च्या फेब्रुवारीत काय झाले? अॅडमिरल वॉटसन ५०, ६०, ७० तोफांची राजाची जहाजे घेऊन आला. बरोबर क्लाइव्हची पलटण. आणि सांगायला लाज वाटते, पण पेशव्यांचे सैन्यही तुळाजी आंग्र्यांच्या विरुद्ध इंग्रजांच्या बाजूने जमिनीवर उभे होते. आंग्र्यांची गुराबा-गलबते किल्ल्याच्या आश्रयाने खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेली होती. इंग्रजांचा एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच हिरावून घेतले होते. ते पेटले, त्यावरून आग शेजारच्या जहाजाला लागली, आणि पाहता पाहता सगळा ताफा जळाला. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला.

मग अमात्यांचे म्हणणे चुकले काय? माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकाने हा प्रश्न विचारला होता, आणि तो योग्यच होता. उत्तर देताना मी त्याला नकाशा दाखवला. नागोठण्याच्या खाडीपुढे वाळूचा बांध आहे. विजयदुर्गाच्या खाडीपुढे तसा बांध नाही. हे पश्चिम किनाऱ्यावरचे एक उत्तम, खोल आणि कोणत्याही हवेत आत शिरता येईल असे बंदर आहे. जे पाणी खांदेरीला मोठ्या जहाजांना अडवीत होते, तेच पाणी येथे त्यांना वाट देत होते. गलबते तीच होती, पाणी मात्र वेगळे होते. लहान होडीचे बळ उथळ पाण्यात आणि हालचालीत. तिला खोल बंदरात दावणीला बांधून उभी केली, की ते दोन्ही गुण गेले आणि फक्त लहानपण उरले.

तुळाजींना हे उमगले नव्हते असेही म्हणवत नाही. त्या वेळी त्यांच्याकडे दोन मोठी जहाजे बांधणीत होती, त्यांतले एक चाळीस तोफांचे. ती पाण्यात उतरण्याआधीच सारे संपले. अमात्यांचा सल्ला त्यांच्या काळाला आणि किनाऱ्याच्या रक्षणाला अगदी योग्य होता. पण समुद्रावर ५०-७० तोफांचा शत्रू नित्याचा झाला, तेव्हा तो सल्ला पुन्हा तपासून पाहायला हवा होता. आणि त्याहून अधिक, घरातली फूट मिटवायला हवी होती. होडीचे माप एकदा ठरले म्हणजे कायमचे ठरले असे नसते. पाणी बदलले, काम बदलले, की मापही नव्याने घ्यावे लागते.

हे जाणणारे लोक आपल्या किनाऱ्यावर आजही आहेत. मालवणकडची बारकी होडी पाहा. तिच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांनी लाकडाचा लांबट ओंडका बांधलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. होडी अरुंद, म्हणून चपळ. आणि उलांडीमुळे कलंडत नाही. रापणीची होडी पूर्वी फळ्या सुंभाने शिवून करीत. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेत ती आपटली तरी खिळ्यांच्या होडीसारखी तडकत नसे, थोडी लवत असे. वसई-सातपाटीकडे खोल दर्यात जायचे, म्हणून तिकडचे मचवे मोठे आणि रुंद.

आणि आता ही गोष्ट केवळ कोकणची राहिलेली नाही. धरणे झाली तसे देशावरही मोठे पाणी आले. कोयनेचा शिवसागर आहे, १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे. तेथे मासेमारी चालते. तळ्याचे पाणी म्हणजे शांत पाणी, असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे. लाट किती उठेल हे वारा पाण्यावरून किती अंतर अडथळ्यावाचून वाहतो यावर असते. कोयनेचे पाणी डोंगरांच्या कुशीत, लांब आणि चिंचोळे. नाथसागर पसरट, सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरांचा, आणि त्या मानाने उथळ. उथळ पाण्यावरची लाट आखूड आणि उभी असते. एक ओसरण्याआधी दुसरी येते. समुद्राच्या लांब लाटेवर होडी चढते आणि उतरते. तळ्याच्या आखूड लाटेत बारकी होडी नाक खुपसते. बारा-चौदा फुटी, सपाट तळाची, कमी उंचीच्या कडांची होडी वाऱ्याविना दिवस असला तर तळ्यात सोयीची. तीच वादळी दुपारी नाथसागराच्या मधोमध, किंवा खाडीच्या मुखाबाहेर, जीवावर बेतू शकते. समुद्रासाठी लांबी अधिक हवी, कडा उंच हव्यात आणि तळ लाट कापणारा हवा.

अलीकडे लाकूड महाग झाल्यामुळे होड्या कृत्रिम धाग्यांच्या आणि काही ठिकाणी अॅल्युमिनियमच्याही होतात. अॅल्युमिनियमचाही इतिहास बोधप्रद आहे. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी ही धातू विजेच्या साहाय्याने स्वस्तात काढण्याची रीत शोधली. लोखंडाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याचे वजन! लगेच लोकांनी त्याच्या होड्या केल्या. १८९५ साली अमेरिकेत 'डिफेंडर' नावाची शर्यतीची नौका बांधली. पाण्याखाली कांसे आणि वर अॅल्युमिनियम. शर्यत तिने जिंकली, पण खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आल्या की त्यांतली एक झिजते. अॅल्युमिनियम खाल्ले गेले आणि १९०१ साली ती मोडीत निघाली. पुढे मॅग्नेशियम मिसळलेल्या, खारे पाणी सोसणाऱ्या मिश्रधातू आल्या. १९४५ साली अमेरिकेतल्या ग्रुमन या विमाने बांधणाऱ्या कारखान्याने विमानाच्या पत्र्याची हलकी होडी बाजारात आणली, आणि तळ्यानद्यांवर ती फार चालली. दोन माणसे तिला सहज उचलीत. पण हलकी होडी वाऱ्याने सहज वाहवते, हेही विसरू नये. आणि तिला तांब्या-पितळेचे सामान ठोकाल तर 'डिफेंडर'ची गत होईल.

म्हणजे सामान बदलले तरी प्रश्न तेच. पाणी किती खोल? वारा किती मोकळा? माणसे किती, ओझे किती? होडी रात्री कोठे लावायची? परत येताना ओहोटी असेल की भरती? ही उत्तरे आधी मिळवावी आणि मग फुटांचा आकडा ठरवावा. शेजाऱ्याची होडी अठरा फुटी म्हणून माझी वीस फुटी, हा हिशोब पाण्याला समजत नाही. जिल्ह्याच्या एका तळ्यावर अशाच हौसेने आणलेली एक मोठी होडी मी पाहिली आहे. उन्हाळ्यात पाणी हटले तशी ती चिखलात रुतून बसली आणि पावसाळ्यापर्यंत तेथेच राहिली. तिच्या मालकाचे त्या वर्षीचे उत्पन्न गेले, कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

शिक्षकबंधूंना एक विनंती करून थांबतो. आपल्या गावाजवळ नदी, तलाव वा खाडी असेल तर मुलांना एकदा तेथल्या होडीपाशी न्या. दोरीने तिची लांबी, रुंदी, उंची मोजायला सांगा. रिकामी होडी किती बुडते आणि चार माणसे बसल्यावर किती बुडते, ते कडेवर खडूने खूण करून पाहू द्या. मग होडीवाल्याला विचारा, एवढीच का बांधली? तो जे सांगेल ते वहीत लिहून घ्या. त्यात भूगोल येईल, गणित येईल, आणि खांदेरीच्या त्या रात्रीच्या होड्या कशा चालल्या असतील याची थोडी कल्पनाही येईल.